नकाशा उघडल्यावर आधी अक्षवृत्ते वाचा : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

भिंतीवरचा जगाचा नकाशा, ॲटलासातले एखाद्या देशाचे पान आणि ध्रुवप्रदेशाचा नकाशा असे तीन नकाशे शेजारी ठेवले की नवख्या माणसाला पहिला प्रश्न हमखास पडतो : ६० अंशांचे अक्षवृत्त एकीकडे सरळ आडवी रेघ, दुसरीकडे कमान आणि तिसरीकडे पूर्ण वर्तुळ कसे? यातले खरे कोणते? खरे तर तिन्ही बरोबर आहेत. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना प्रत्येक नकाशाकार काहीतरी जपतो आणि काहीतरी सोडून देतो. त्याने काय जपले आणि काय सोडले, हे सर्वांत लवकर कळते ते अक्षवृत्तांवरून.

मी नकाशे वाचायला आणि वृत्तजाळी, म्हणजे अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते यांची जाळी, हाताने काढायला शिकलो तेव्हा ही माहिती तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली. कुणी व्याख्या सांगायचे, कुणी सूत्र. पण नकाशा समोर घेऊन बसल्यावर आधी नजर कुठे न्यायची, मग काय मोजायचे, हे कुठेच क्रमाने मिळत नव्हते. म्हणून ते इथे त्याच क्रमाने देतो आहे. सूत्रे फारशी नाहीत. शाळेतली कोज्या (cos) आठवत असेल तर पुरे, नसेल तर कॅल्क्युलेटर आहेच.

काय काय लागेल

- पृथ्वीगोल. ३० सेंटीमीटर व्यासाचा असेल तर उत्तम, लहानही चालेल.
- न ताणणारा दोरा आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली मोजपट्टी.
- अक्षवृत्ते छापलेले निदान तीन नकाशे : जगाचा, एखाद्या मोठ्या देशाचा आणि ध्रुवप्रदेशाचा.
- कोज्या काढणारा कॅल्क्युलेटर. फोनमधला आडवा धरला की बहुधा ही सोय दिसते.
- टोकदार पेन्सिल. शाईचे पेन नकाशाजवळ आणू नका.

## १. कोन आणि वर्तुळ वेगळे धरा

अक्षांश हा कोन आहे : एखादी जागा विषुववृत्ताच्या पातळीपासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंशांवर आहे ते सांगणारा. तो शून्यापासून ९० पर्यंत जातो. एकच अक्षांश असलेली सगळी ठिकाणे जोडली की पृथ्वीवर जे वर्तुळ तयार होते ते अक्षवृत्त. अक्षांश हा आकडा आहे, अक्षवृत्त ही जागा आहे.

हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. नकाशा बदलला तरी आकडा बदलत नाही, वर्तुळाचे चित्र मात्र बदलते. ६० उत्तर हा आकडा सगळ्या नकाशांत तोच राहील. त्याची रेघ सरळ दिसेल की वाकडी, लांब दिसेल की आखूड, हे नकाशा ठरवतो.

अक्षवृत्ते एकमेकांना समांतर असतात, कधीच भेटत नाहीत. ९० अंशांवर वर्तुळ उरतच नाही, तिथे फक्त बिंदू असतो. हा बिंदू लक्षात ठेवा, चौथ्या पायरीत तो फार उपयोगी पडणार आहे.

## २. दोरा घ्या आणि पृथ्वीगोलावर मोजा

ही पायरी वाचून सोडून देण्याचा मोह होतो. कृपा करून सोडू नका. दहा मिनिटे हाताने मोजलेले जे डोक्यात बसते ते तासभर वाचून बसत नाही.

३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळा. लांबी सुमारे ९४ सेंटीमीटर भरेल. आता ६० अंशांच्या अक्षवृत्तावर दोरा ठेवा. तो घसरतो, म्हणून जागोजागी बोटाने दाबत न्या. लांबी सुमारे ४७ सेंटीमीटर, म्हणजे बरोबर निम्मी. ३० अंशांवर ती ८१-८२ सेंटीमीटर येते. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. विषुववृत्त ते ध्रुव हे अंतर ९० अंशांचे, त्याचा तिसरा हिस्सा ओलांडला तरी वर्तुळ जेमतेम १३ टक्क्यांनी आखडले. पुढे मात्र ते झपाट्याने लहान होत जाते आणि ८० अंशांवर दोरा १६ सेंटीमीटरच उरतो.

नियम एवढाच : अक्षवृत्ताची लांबी म्हणजे विषुववृत्ताची लांबी गुणिले त्या अक्षांशाची कोज्या. खऱ्या पृथ्वीवर विषुववृत्त ४०,०७५ किलोमीटरचे आहे, त्यामुळे ६० अंशांचे अक्षवृत्त २०,००० किलोमीटरच्या थोडेसे वर जाते.

आता दोरा उभा धरून शेजारच्या दोन अक्षवृत्तांमधले अंतर मोजा. दर १० अंशांना ते सुमारे २६ मिलिमीटर येईल, विषुववृत्ताजवळ घ्या नाहीतर ध्रुवाजवळ. खऱ्या पृथ्वीवर एका अक्षांशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने ते विषुववृत्ताजवळ ११०.६ आणि ध्रुवाजवळ १११.७ किलोमीटर भरते. रोजच्या कामाला १११ पुरेसे आहे.

दोन गोष्टी पाठच करून ठेवा : पृथ्वीवर अक्षवृत्तांमधले अंतर जवळजवळ सारखे असते आणि त्यांची लांबी ध्रुवाकडे घटत जाते. यापुढे कुठलाही नकाशा समोर आला की या दोन्ही गोष्टी त्यात टिकल्या आहेत का, एवढेच तपासायचे.

## ३. पाच खास वृत्ते आणि त्यांचे खरे आकडे

विषुववृत्त, कर्कवृत्त, मकरवृत्त, आर्क्टिक वृत्त आणि अंटार्क्टिक वृत्त ही पाच नावे सगळ्यांना माहीत असतात. बहुतेक ॲटलासांत विषुववृत्त ठळक आणि बाकीची चार तुटक रेषांनी काढलेली असतात. बाकीची अक्षवृत्ते १० किंवा १५ अंशांच्या टप्प्याने येतात, ही चार मात्र त्या टप्प्यात बसत नाहीत. वृत्तजाळीतल्या ओळींमधले अंतर मोजताना ही तुटक रेघ चुकून धरली तर सगळा हिशेब बिघडतो.

ही चार वृत्ते पृथ्वीच्या आसाच्या कलण्यातून येतात. शालेय पुस्तकांत कर्कवृत्त २३°३०′ असे दिलेले असते. ती सोयीसाठी केलेली गोळाबेरीज आहे. सध्याचा आकडा २३°२६′ च्या आसपास आहे, आणि ९० मधून तो वजा केला की आर्क्टिक वृत्त ६६°३४′ वर येते. चार मिनिटांचा फरक म्हणजे जमिनीवर सात किलोमीटरहून जास्त, त्यामुळे मोठ्या प्रमाणाच्या, म्हणजे थोडासा प्रदेश मोठा करून दाखवणाऱ्या, नकाशावर गोळाबेरजेचा आकडा वापरू नका.

शिवाय ही वृत्ते स्थिर नाहीत. आसाचा कल सुमारे ४१,००० वर्षांच्या चक्रात २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान बदलतो. सध्या तो कमी होत असल्याने कर्कवृत्त आणि मकरवृत्त वर्षाला साधारण १४-१५ मीटरनी विषुववृत्ताकडे सरकत आहेत, तर ध्रुवांकडची दोन वृत्ते तितकीच ध्रुवांकडे. छापील नकाशावर हे कधीच दिसणार नाही. पण "कर्कवृत्त इथून जाते" असा जुना फलक आणि आजचे उपग्रहावरून काढलेले ठिकाण जुळले नाही, तर गोंधळून जाऊ नका.

आर्क्टिक वृत्ताबद्दल आणखी एक : मध्यरात्रीचा सूर्य त्या रेषेपलीकडेच दिसतो असे नाही. वातावरणात प्रकाश वाकतो आणि सूर्यबिंबाला स्वतःची रुंदी आहे. दोन्ही धरून ५० मिनिटांचा फरक पडतो, म्हणजे वृत्ताच्या दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरपर्यंत २१ जूनच्या सुमारास सूर्याची वरची कडा मावळत नाही.

## ४. रेघ सरळ, कमान की वर्तुळ?

आता नकाशे उघडा. नावे, रंग, सीमा तूर्त बाजूला ठेवा आणि फक्त अक्षवृत्तांचा आकार बघा.

सगळी अक्षवृत्ते सरळ आणि सारख्या लांबीची असतील तर ते दंडगोल प्रक्षेपण आहे. प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत. इथे पहिल्या पायरीतला तो बिंदू आठवा. ध्रुव हा बिंदू, पण या नकाशांत त्याच्या जवळची अक्षवृत्तेही विषुववृत्ताइतकी लांब होतात. ६० अंशांचे वृत्त खरे तर निम्मे असताना नकाशावर पूर्ण लांबीचे, म्हणजे पूर्व-पश्चिम दिशेने दुप्पट ताणलेले. ८० अंशांवर हा ताण जवळजवळ पावणेसहा पट होतो. दंडगोल नकाशा कितीही देखणा असला तरी हे टळत नाही.

सरळ, पण ध्रुवाकडे आखूड होत जाणारी असतील तर तो जगाचा अंडाकृती किंवा त्याच्या जवळचा नकाशा. मोलवाईडचा १८०५ चा लंबवर्तुळाकार नकाशा, १९६३ मधला रॉबिन्सनचा, २०१८ मधला इक्वल अर्थ हे याच कुटुंबातले. रॉबिन्सनच्या नकाशात ध्रुवसुद्धा रेघ म्हणून येतो, बिंदू म्हणून नाही. ही युक्ती जाणूनबुजून केलेली आहे, त्यामुळे उत्तरेकडचे देश कोपऱ्यात चिरडले जात नाहीत.

हलक्या वाकलेल्या असतील, पण विषुववृत्त सरळ असेल तर विंकेल ट्रिपेल असण्याची शक्यता मोठी. हे प्रक्षेपण १९२१ मधले. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने १९९८ मध्ये जगाच्या नकाशासाठी रॉबिन्सनच्या जागी ते स्वीकारले.

समकेंद्री कमानी असतील तर शंकू प्रक्षेपण. मध्य अक्षांशांत पूर्व-पश्चिम पसरलेल्या देशांसाठी हेच वापरतात. नवख्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते, म्हणून जरा थांबून बघू.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा शंकू प्रक्षेपणातला नकाशा घ्या. नॉर्थ डकोटाची उत्तर सीमा ४९ अंशांच्या अक्षवृत्तावर आहे. पूर्व टोकाला मेन राज्य आहे, त्याचे उत्तर टोक ४७°२८′ वर. म्हणजे मेन दीड अंशाने दक्षिणेला, जवळजवळ १७० किलोमीटर. आता कागदाच्या खालच्या कडेला समांतर पट्टी ठेवून नॉर्थ डकोटाच्या सीमेवरून उजवीकडे न्या. मेनचे टोक पट्टीच्या वर निघते! कारण ४९ अंशांची कमान मधे खाली आणि दोन्ही टोकांना वर गेलेली असते. पट्टी कागदाची आडवी दिशा दाखवते, पृथ्वीवरची पूर्व-पश्चिम नाही. शंकू नकाशावर "कोण जास्त उत्तरेला" हे ठरवायचे असेल तर पट्टी बाजूला ठेवा आणि पेन्सिलीचे टोक कमानीवरून फिरवत न्या.

पूर्ण वर्तुळे असतील तर ध्रुव मध्यभागी धरलेले खमध्य प्रक्षेपण. ध्रुवाभोवतीचा भाग यात सुरेख येतो, कारण तिथे अक्षवृत्ते खरोखरच लहान वर्तुळे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या बोधचिन्हातला नकाशा असाच आहे : उत्तर ध्रुव मध्ये आणि ६० अंश दक्षिणेपर्यंत जग. त्यात ध्रुवापासूनची अंतरे बरोबर राहतात, म्हणजे दुसऱ्या पायरीतली पहिली गोष्ट टिकली. दुसरी मात्र पार उलटली. विषुववृत्ताच्या दक्षिणेला वर्तुळे लहान व्हायला हवीत, तर नकाशावर ती वाढतच जातात. ६० दक्षिणचे वृत्त पृथ्वीवर विषुववृत्ताच्या निम्मे आहे, तर या नकाशावर त्याच्या दीडपटीहून मोठे.

## ५. अक्षवृत्तांमधले अंतर मोजा

आकारावरून कुटुंब कळले. आता मोजपट्टी घेऊन शेजारच्या अक्षवृत्तांमधले अंतर मोजा, म्हणजे त्या कुटुंबातला नेमका सदस्य कळतो.

दंडगोल नकाशात अंतर सगळीकडे सारखे असेल तर ते सर्वांत साधे, चौकटीचौकटींचे प्रक्षेपण. इसवी सन १०० च्या सुमाराच्या टायरच्या मरिनसकडे त्याचे श्रेय जाते. अंतर ध्रुवाकडे कमी होत गेले तर तो समक्षेत्र नकाशा : आडवा ताण जितका वाढतो तितकीच उभी उंची दाबून क्षेत्रफळ राखलेले असते. आणि अंतर ध्रुवाकडे वाढत गेले तर बहुतेक वेळा तो मर्केटर.

मर्केटरचे आकडे बघण्यासारखे आहेत. विषुववृत्त ते १० अंश हे अंतर १० मिलिमीटर धरले, तर

- ३० ते ४० अंश : सुमारे १२ मिलिमीटर
- ६० ते ७० अंश : सुमारे २४ मिलिमीटर
- ७० ते ८० अंश : सुमारे ४० मिलिमीटर
- ८० ते ८५ अंश, म्हणजे फक्त पाच अंश : पुन्हा जवळजवळ ४० मिलिमीटर

ध्रुव तर या नकाशावर काढताच येत नाही, तो अनंतावर जातो. म्हणून इंटरनेटवरचे बरेच नकाशे सुमारे ८५°०३′ वर थांबतात. त्या ठिकाणी जगाचा नकाशा बरोबर चौरस होतो, आणि चौरस तुकडे करून पडद्यावर दाखवायला ते सोयीचे पडते.

गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये हे केले ते खलाशांसाठी. आडवा ताण जितका, तितकाच उभा ताण दिला की कोन बिघडत नाहीत, आणि होकायंत्राची एक दिशा धरून केलेला प्रवास नकाशावर सरळ रेघेत येतो. खलाशाला हेच हवे होते. किंमत मोजली ती क्षेत्रफळाने : ६० अंशांवर दोन्ही दिशांनी दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते, खरे तर आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे.

यावरून मर्केटरला खोटा नकाशा म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. ज्या कामासाठी तो केला त्या कामात तो अतिशय प्रामाणिक आहे. देशांच्या आकारमानाची तुलना करायला तो भिंतीवर टांगणे हे मात्र खरोखर चूक आहे.

शंकू नकाशात समासात छापलेली "प्रमाण अक्षवृत्ते" शोधा. बहुधा दोन असतात. नकाशाचे प्रमाण त्या दोन कमानींवर तंतोतंत खरे असते, दोहोंच्या मधे लांबी किंचित आखडलेली आणि बाहेर किंचित ताणलेली असते. नकाशावरून अंतर मोजायचे असेल तर मोजणी शक्यतो या वृत्तांच्या जवळ ठेवा.

## ६. एखाद्या जागेचा अक्षांश काढा

समजा तुमची जागा ४० आणि ५० उत्तर या अक्षवृत्तांच्या मधे आहे. दोन वृत्तांमधले अंतर ८४ मिलिमीटर. जागा ४० च्या वर ३१ मिलिमीटर. मग ३१ भागिले ८४ गुणिले १० म्हणजे ३.६९ अंश. अक्षांश ४३.६९, म्हणजे ४३°४१′.

मोजताना पट्टी अक्षवृत्ताला काटकोनात, म्हणजे रेखावृत्ताच्या दिशेने धरा. शंकू नकाशाच्या कडेला रेखावृत्ते तिरकी असतात, तिथे पट्टीही तिरकी हवी.

हे उत्तर बरोबर आहे ते अक्षवृत्ते समान अंतरावर असलेल्या नकाशासाठी. तेच माप मर्केटरवर घेतले तर खरा अक्षांश ४३°५४′ निघतो. फरक सुमारे १२ मिनिटांचा, जमिनीवर २२ किलोमीटरहून जास्त. कारण मर्केटरवर ४० ते ५० च्या दरम्यानही अंतर हळूहळू वाढत असते, त्यामुळे खालचे पाच अंश कमी जागेत आणि वरचे पाच जास्त जागेत बसलेले असतात. म्हणूनच पाचवी पायरी सहावीच्या आधी. मर्केटरवर मोजायचेच असेल तर एक-एक अंशाची रेघ असलेला मोठ्या प्रमाणाचा नकाशा घ्या, मग ही चूक नगण्य होते.

## ७. आकडा लिहिताना

४३°४१′ आणि ४३.४१ हे एक नाहीत. मिनिटे साठाच्या हिशेबाने चालतात, म्हणून ४३°४१′ म्हणजे दशांशात ४३.६८३. ही गल्लत झाली की जागा ३० किलोमीटरनी सरकते, आणि ती चटकन लक्षात येत नाही कारण आकडा दिसायला अगदी सरळ असतो. मिळालेल्या आकड्यांच्या यादीत दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन अंक कधीच ५९ च्या वर जात नसतील, तर कुणीतरी मिनिटे दशांशासारखी लिहिली आहेत असे समजा.

संगणकात दक्षिण अक्षांशाला उणे चिन्ह लावतात. कागदावर "उ." किंवा "द." लिहिल्याशिवाय आकडा अर्धाच आहे.

बहुतेक ठिकाणी आधी अक्षांश, मग रेखांश असा क्रम असतो, पण जिओजेसनसारख्या काही फाइल-प्रकारांत आधी रेखांश येतो. ठिकाणे भलत्याच समुद्रात पडली तर आधी क्रम उलटा करून बघा. आणि सगळी ठिकाणे आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात एकाच बिंदूवर साचली, तर आकडे वाचलेच गेले नाहीत, शून्य आणि शून्य धरले गेले.

दशांशानंतर किती अंक ठेवायचे? चार अंक म्हणजे सुमारे ११ मीटर, पाच म्हणजे सव्वा मीटरच्या आत. ॲटलासावरून पट्टीने मोजलेल्या जागेला सहा अंक लिहिणे म्हणजे नसलेली अचूकता दाखवणे.

## ८. अक्षवृत्तावरून जाणे म्हणजे जवळचा रस्ता नव्हे

न्यूयॉर्क आणि माद्रिद जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, ४०°४३′ आणि ४०°२५′. सरळ पूर्वेला निघाले की जवळच्या वाटेने पोहोचू, असे नकाशा सुचवतो. अक्षवृत्ताला धरून गेले तर अंतर सुमारे ५,९५० किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तो आपोआप उत्तरेकडे सरकतो आणि मधे ४६ अंशांपर्यंत चढतो. ते बृहद्वृत्त, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणारे वर्तुळ. अंतर सुमारे ५,७७० किलोमीटर.

ध्रुवाजवळ हा फरक थक्क करणारा होतो. सेंट पीटर्सबर्ग आणि अँकरेज दोन्ही ६० अंशांच्या आसपास, पण पृथ्वीच्या समोरासमोरच्या बाजूंना. अक्षवृत्तावरून १०,००० किलोमीटर, ध्रुवावरून सुमारे ६,५००. सगळ्या अक्षवृत्तांत विषुववृत्त तेवढे एकटे बृहद्वृत्त आहे.

## ९. अक्षवृत्त सीमा होते तेव्हा

नकाशावर पट्टीने आखल्यासारखी आडवी सीमा दिसली की ती अक्षवृत्तावरची आहे का ते तपासा. इजिप्त आणि सुदान यांच्यातली २२ उत्तर, अमेरिका आणि कॅनडा यांच्यातली ४९ उत्तर ही ठळक उदाहरणे. अंटार्क्टिक करार १९५९ मध्ये झाला, तो ६० दक्षिणच्या पलीकडच्या प्रदेशाला लागू आहे.

सावध राहा ते दोन ठिकाणी. एक, ठरलेली रेषा आणि आजची रेषा एकच असेल असे नाही. कोरियाची १९४५ ची विभागणी ३८ उत्तरवर होती, पण आजची रेषा १९५३ च्या युद्धबंदीची आहे आणि ती ३८ व्या अक्षवृत्ताला तिरकी छेदून जाते. दोन, जमिनीवरची खूण आणि आजचा मोजलेला अक्षांश जुळत नाहीत. ४९ अंशांची सीमा १९ व्या शतकात ताऱ्यांवरून मोजली गेली. त्या मोजणीत उभी दिशा ठरवणारा ओळंबा जवळच्या डोंगराच्या ओढीने किंचित कलतो, त्यामुळे खांब कुठे थोडे उत्तरेला तर कुठे दक्षिणेला बसले. कायद्याने सीमा खांबांचीच. इक्वेडोरमध्ये कीटोजवळचे विषुववृत्ताचे प्रसिद्ध स्मारकही आजच्या मोजणीने विषुववृत्तापासून सुमारे २४० मीटर दक्षिणेला आहे. फोनवरचा आकडा आणि दगडावरची रेघ वेगळी दिसली तर फोन बिघडलेला नसतो.

## १०. आकाशाशी ताडून पाहा

नकाशावरून काढलेला अक्षांश स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येतो, आणि ते एकदा तरी जरूर करा.

उत्तर गोलार्धात असाल तर ध्रुवतारा क्षितिजापासून जितक्या अंशांवर, तितका तुमचा अक्षांश. ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही, सुमारे दोन तृतीयांश अंश बाजूला आहे. त्यामुळे एका अंशाच्या आत उत्तर आले तर मोजणी चांगली झाली.

दोन्ही गोलार्धांत चालणारी दुसरी पद्धत सावलीची आहे. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास सपाट जमिनीवर एक मीटरची काठी ओळंब्याने उभी करा. दुपारी सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा तिची लांबी मोजा. घड्याळातले बारा धरू नका, तुमच्या जागेची खरी मध्यान्ह त्याच्या आधी किंवा नंतर असू शकते. सावलीची लांबी भागिले काठीची लांबी, आणि कॅल्क्युलेटरवर त्याचा व्यस्त स्पर्शक (tan⁻¹). सावली ५८ सेंटीमीटर भरली तर अक्षांश ३० अंश. सावलीची कडा धूसर असते, म्हणून गडद आणि फिकट भागांच्या मधोमध खूण करा. अर्ध्या सेंटीमीटरची चूक इथे सुमारे पाव अंशाची, म्हणजे २५ किलोमीटरच्या आसपासची ठरते.